बॅटरीत उरले किती?

रॉकेलच्या कंदिलात तेल किती उरले आहे हे कंदील हलवून कळते. माठावर टिचकी मारली की आवाजावरून पाणी कोठवर आहे याचा अंदाज येतो. सायकलच्या चाकातील हवादेखील अंगठ्याने दाबून पाहता येते. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपली पाचही इंद्रिये निरुपयोगी ठरतात. भरलेली बॅटरी आणि रिकामी बॅटरी दिसावयास सारखी, हाताला सारखी आणि घरच्या तराजूवर वजनालाही सारखीच. तिच्यातून तेलासारखे काही जळून जात नाही. आतील द्रव्ये केवळ एका रासायनिक अवस्थेतून दुसरीत जातात. तेव्हा ‘बॅटरीत उरले किती?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात तो एका लहानशा वाहनाच्या निमित्ताने सोडवावयाचा आहे. ते वाहन म्हणजे घरी बनविलेला, विजेवर चालणारा स्केटबोर्ड.

स्केटबोर्ड ही मुळात चार चाकांची एक फळी. तिच्यावर उभे राहावयाचे आणि एका पायाने जमीन मागे लोटीत पुढे जावयाचे. हा खेळ परदेशचा खरा. परंतु आपल्या मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ साली त्यासाठी खास मैदान तयार झाले, आणि तेथील आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेस जाऊन आली. पुढे २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. जनवारच्या मुलांच्या फळ्यांना मोटर नसते. आपल्याला येथे जिचा विचार करावयाचा आहे, तिच्या चाकाला मात्र पट्ट्याने जोडलेली मोटर आहे, फळीच्या पोटाशी बॅटरीची पेटी आहे, या दोहोंमध्ये गतिनियंत्रक आहे, आणि चालविणाऱ्याच्या हाती बिनतारी कळ आहे.

समजा, बेटम्यातील एखाद्या विद्यार्थ्याने अशी फळी तयार केली. इंदूरहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना भोजराजाच्या ताम्रपटामुळे ठाऊक आहे. विक्रम संवत् १०७६ मधील या ताम्रपटात कोकण हस्तगत केल्याच्या प्रसंगी दिलेल्या भूमिदानाची नोंद आहे. त्याच भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा बेटम्याच्या मुलाने यंत्रे जोडावयास घेतली तर ते येथील मातीला सोडून आहे असे कोणी म्हणू नये! गावाच्या जवळच पीथमपूरची औद्योगिक वसाहत असून तेथे मोटारगाड्यांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार मार्ग २०२१ साली खुला झाला. त्या मार्गावर धावणाऱ्या विजेच्या गाडीच्या चालकासमोरही तोच प्रश्न असतो, जो आपल्या फळीवरील विद्यार्थ्यासमोर असतो. फरक इतकाच की, गाडीला उत्तर देणारी यंत्रणा कारखान्यात बसविलेली असते आणि फळीला ती आपणच बसवावयाची असते.

ती बसविण्याची निकड कशासाठी? वाटेत बॅटरी संपली तर फळी काखेत मारून घरी चालत यावे लागेल, एवढेच ना? नाही. धोका त्याहून मोठा आहे. घरी बनविलेल्या बहुतेक फळ्यांना सायकलसारखा निराळा ब्रेक नसतो. कळ मागे ओढली की मोटरच उलट जनित्राचे काम करते, चाकाची गती खाऊन वीज निर्माण करते आणि ती वीज बॅटरीत परत पाठविते. फळी थांबते ती यामुळे. आता बॅटरी पार उतरली म्हणजे तिच्या रक्षणासाठी बसविलेली ‘बीएमएस’ नावाची पट्टी जोडणी तोडून टाकते, गतिनियंत्रक निर्जीव होतो, आणि मोटरीबरोबर ब्रेकही जातो. हे सपाट मैदानात घडले तर फारसे बिघडत नाही; नाल्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर घडले तर हातपाय मोडावयाची वेळ येते. गंमत अशी की, बॅटरी काठोकाठ भरलेली असतानाही हाच प्रसंग ओढवू शकतो. भरल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, तसे भरल्या बॅटरीत उतारावरची परत येणारी वीज मावत नाही. दाब मर्यादेपलीकडे गेला की रक्षक पट्टी तेव्हाही जोडणी तोडते. म्हणून आपला दर्शक बॅटरीच्या दोन्ही टोकांची वार्ता देणारा असावा लागतो.

या फळीत साधारणतः लिथियम-आयन जातीचे घट वापरतात. १९९१ साली हे घट प्रथम बाजारात आले, आणि त्यांच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा घट सर्वांत प्रचलित आहे; ‘१८६५०’ हे त्याचे नाव या मापांवरूनच पडले. पूर्ण भरलेल्या एका घटाचा विद्युद्दाब ४.२ व्होल्ट असतो, आणि ३ व्होल्टच्या खाली तो उतरू देऊ नये असा दंडक आहे. असे दहा घट एकापुढे एक जोडले की भरलेल्या बॅटरीचा दाब ४२ व्होल्ट आणि उतरलेल्या बॅटरीचा ३० व्होल्ट होतो. आपल्या फळीत अशा दहांच्या दोन रांगा शेजारी शेजारी जोडल्या आहेत असे धरू. प्रत्येक घटाची धारणा २.५ अँपियर-तास असेल, तर सगळ्या बॅटरीची ५ अँपियर-तास झाली. तिला ३६ या सरासरी दाबाने गुणले की १८० वॉट-तास ऊर्जा येते. अशा फळीला एका किलोमीटरला स्थूलमानाने १० ते १५ वॉट-तास लागतात. म्हणजे बारा ते अठरा किलोमीटरांची शिदोरी झाली.

आता कोणीही म्हणेल की, दाब ४२ वरून ३० वर येतो, तर मधल्या १२ व्होल्टचे सारखे भाग पाडून दहा दिवे लावावेत. जितके दिवे पेटलेले तितके दशांश शिल्लक. बाजारात याच तत्त्वावरचे स्वस्त दर्शक मिळतातही. परंतु येथेच पहिली फसगत आहे. घटाचा दाब शिडीसारखा सारख्या पायऱ्यांनी उतरत नाही. आरंभी तो भरभर उतरतो, मग बराच काळ ३.९ ते ३.५ व्होल्ट यांच्या दरम्यान रेंगाळतो, आणि शेवटी कड्यावरून दगड सुटावा तसा कोसळतो. ४ व्होल्टला सुमारे चार-पंचमांश वीज शिल्लक असते, ३.७ च्या आसपास निम्मी, ३.५ ला जेमतेम आठवा हिस्सा. सारख्या अंतराने लावलेल्या दहा दिव्यांपैकी चार दिवे पेटलेले असतील, तर एका घटाचा दाब ३.५ च्या जवळपास आला आहे असे समजावे. दिवे सांगतात ‘चार दशांश’, आणि बॅटरीत असतो एक दशांश! पुढचे चारही दिवे मग पाहता पाहता पाठोपाठ विझतात. म्हणून दिव्यांच्या खुणा सारख्या अंतरावर न ठेवता घटाच्या या उतरणीप्रमाणे ठेवल्या पाहिजेत.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे, आणि ती समजावयास माळव्यातल्या एखाद्या शेतावरची विहीर पाहावी. पंप चालू केला की विहिरीतील पाण्याची पातळी खाली जाते. पंप बंद करून घटकाभर थांबले की ती पुन्हा वर चढते. पंप चालू असताना विहिरीत डोकावणारा म्हणेल, ‘विहीर आटली.’ बॅटरीचेही असेच आहे. तिच्या पोटात थोडासा अंतर्गत रोध असतो. आपल्या बॅटरीचा हा रोध, जोडण्यांसकट, ०.२ ओहम धरला आणि चढावर मोटर १५ अँपियर प्रवाह ओढू लागली, तर ओहमच्या नियमाप्रमाणे १५ गुणिले ०.२ म्हणजे ३ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. विश्रांतीच्या वेळी ३६.५ व्होल्ट दाखविणारी बॅटरी चढावर ३३.५ दाखविते. चढ संपला, कळ सोडली, की आकडा पुन्हा वर! बॅटरीवरची रिक्षा चालविणाऱ्यांना हे चांगले परिचयाचे असते; चढावर दर्शकाच्या पट्ट्या गळतात आणि सवारी उतरताच त्या परत येतात. विहिरीचा दृष्टांत मात्र एका मर्यादेपर्यंतच घ्यावा. विहिरीला झऱ्यातून नवे पाणी येते. बॅटरीला विश्रांतीने नवी वीज मिळत नाही, केवळ दबलेला दाब मोकळा होतो. थंडीत हा अंतर्गत रोध वाढतो. म्हणून जानेवारीतील पहाटे इंदूरकडचा पारा खाली गेला असता तीच फळी त्याच चढावर अधिक थकल्यासारखी वाटते.

यावरून एक व्यवहाराचा नियम निघतो: दर्शकाचा आकडा फळी थांबलेली असताना, अर्ध्या-एक मिनिटाच्या विश्रांतीनंतर वाचावा. धावतानाचा आकडा केवळ एवढेच सांगतो की, रक्षक पट्टी जोडणी तोडण्याच्या किती जवळ आपण आलो आहोत. आणि ती माहितीही तिच्या जागी मोलाची आहे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. इंदूरच्या जेल रोडवरील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतून आर्डुइनो नावाची छोटी गणकपट्टी, काही रोध, चार एलईडी दिवे आणि एक लहान फ्यूज, एवढे सामान आणले म्हणजे पुरते. आर्डुइनोच्या मोजणीच्या टाचणीला ५ व्होल्टहून अधिक दाब सोसत नाही. तिला ४२ व्होल्ट दाखविणे म्हणजे मुंगीवर मुसळ घालणे होय. म्हणून बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ९० हजार ओहम आणि १० हजार ओहम असे दोन रोध एकापुढे एक जोडावेत. (९० हजारांचा रोध सहसा मिळत नाही, एक लाख ऐंशी हजारांचे दोन शेजारी शेजारी जोडले की तो होतो.) एकूण एक लाख ओहमांपैकी धाकट्या रोधाच्या वाट्याला एक दशांश दाब येतो. बॅटरी ४२ व्होल्ट असता येथे ४.२ मिळतात, ३७ असता ३.७. आणि आपले घटही दहाच असल्यामुळे हा आकडा म्हणजे आपोआपच एका घटाचा सरासरी दाब होतो! दहाने भागण्याची ही निवड केवळ सोयीची नाही; डोळ्यांना ती लगेच अर्थ सांगते. आर्डुइनो ५ व्होल्टचे १,०२४ भाग पाडते; म्हणजे एका घटाच्या हिशेबाने पाच सहस्रांश व्होल्टचा फरकही तिला कळतो. आपल्या कामाला ही सूक्ष्मता हवी त्याहून पुष्कळ अधिक आहे.

परंतु सूक्ष्म म्हणजे अचूक नव्हे. आर्डुइनो सर्व मापे स्वतःच्या ५ व्होल्टच्या तुलनेत घेते. ते ५ व्होल्ट प्रत्यक्षात ४.८ असले, तर फूटपट्टीच आखूड झाली आणि सर्व लांब्या वाढल्या. म्हणून प्रथम चांगल्या मल्टीमीटरने बॅटरीचा दाब मोजावा, आर्डुइनोचा आकडा पाहावा, आणि दोहोंतील गुणोत्तर प्रोग्रॅममध्ये घालावे. धाकट्या रोधाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचे एक धारित्र जोडले म्हणजे मोटरीच्या गोंगाटाने आकडा नाचत नाही. रोधांची अदलाबदल झाली तर टाचणीवर सुमारे ३८ व्होल्ट येतील. यास्तव आर्डुइनो जोडण्यापूर्वी त्या बिंदूवरचा दाब मल्टीमीटरने पाहून घेणे अवश्य आहे.

स्वतः आर्डुइनोला चालविण्यासाठी ४२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा पुरवठा लागतो. येथे पुष्कळांना एक मोह होतो. दहांपैकी खालच्या दोन घटांवर सुमारे साडेसात व्होल्ट आयतेच मिळतात, मग तेथूनच तार का घेऊ नये? घेऊ नये, कारण ते दोन घट इतर आठांपेक्षा नित्य अधिक झिजत राहतील. एकत्र कुटुंबात दोघांनीच कमवावे आणि दहांनी खावे, तशातला हा प्रकार. पुरवठा सदैव संपूर्ण बॅटरीवरूनच, रक्षक पट्टीच्या बाहेरच्या बाजूने घ्यावा. बाजारात ‘एलएम २५९६’ या चकतीचे दाब उतरविणारे साहित्य सर्वत्र मिळते; पण तिची मर्यादा ४० व्होल्टची आहे आणि आपली भरलेली बॅटरी ४२ ची! या दोन व्होल्टांनी अनेक चकत्यांचा बळी घेतला असेल. ६० व्होल्टपर्यंत चालणारी जात मागून घ्यावी. दर्शकाकडे जाणाऱ्या तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, लहान फ्यूज बसवावा. लिथियमच्या घटांची टोके चुकून एकमेकांस भिडली तर त्यांतून इतका प्रवाह वाहतो की तार लाल होते आणि पेटी पेट घेऊ शकते. हा फ्यूज म्हणजे हौसेची वस्तू नव्हे.

रोधांच्या जोडीला एक बटणही हवे. त्या जोडीतून सतत ०.४२ मिलिअँपियर प्रवाह वाहतो. आकडा क्षुल्लक खरा. पण फळी दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर कोपऱ्यात पडून राहिली, तर ७२० तासांत ०.३ अँपियर-तास, म्हणजे एकंदर ठेव्याच्या सहा टक्के, नुसत्या पहाऱ्यात खर्च होतात. आर्डुइनो चालूच राहिली तर विचारावयासच नको. बटणाने दर्शक व रोध दोन्ही बंद व्हावेत.

चार दिव्यांच्या खुणा, विश्रांतीच्या दाबावर, अशा ठेवाव्यात: एका घटाला ३.९ च्या वर चारही दिवे, ३.७५ च्या वर तीन, ३.६५ च्या वर दोन; ३.५५ च्या वर एक. आणि त्याखाली तोच एक दिवा लुकलुकावा. लुकलुकणे म्हणजे परतण्याची आज्ञा. दाब ४.१५ च्या वर असेल तेव्हा चारही दिवे लुकलुकतील अशी व्यवस्था केली म्हणजे ‘उतारावर जाऊ नका, बॅटरी काठोकाठ आहे’ हेही कळेल. माझे मत विचाराल तर नेहमीच्या वापरासाठी बॅटरी ४१ व्होल्टपर्यंतच भरावी. एखादा किलोमीटर कमी जाता येईल, पण ब्रेक मारावयास जागा राहते आणि घटांचे आयुष्यही वाढते.

इतके करूनही एक गोष्ट या दर्शकाला दिसत नाही. तो सरासरी सांगतो, आणि सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. नऊ घट ३.६ व्होल्टचे आणि एक दुबळा घट २.९ चा असेल, तर बेरीज ३५.३ येते आणि सरासरी ३.५३. दिवा नुसताच लुकलुकेल, पण एक घट तोवर धोक्याच्या रेषेखाली गेलेला असेल. वर्गाचा सरासरी निकाल चांगला असला म्हणून नापास झालेला विद्यार्थी पास होत नाही. प्रत्येक घटावर निराळी नजर ठेवणे हे रक्षक पट्टीचे काम. म्हणून दर्शक बसविला तरी ती पट्टी काढू नये. महिन्यातून एकदा तरी मल्टीमीटरने दहाही जोड्यांचे दाब मोजून पाहावेत.

दाबाऐवजी प्रवाहच मोजला तर? ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील विजेच्या मोटारींत अँपियर-तास मोजणारी तबकडी बसवीत असत. पातळी पाहण्याऐवजी नळावर मीटर बसविण्यासारखे हे आहे: किती गेले आणि किती परत आले याची वजाबाकी करावयाची. एक अँपियर प्रवाह एक सेकंद वाहिला म्हणजे एक कुलोम विद्युत्भार झाला. आपली ५ अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे १८ हजार कुलोमांची कोठी. एक सहस्रांश ओहमचा रोध मुख्य तारेत घालून त्यावरील मिलिव्होल्ट मोजले की प्रवाह कळतो, आणि आर्डुइनो त्याची सेकंदासेकंदाला बेरीज करू शकते. या रीतीला चढउतारांची बाधा होत नाही. पण तिच्यातही खोट आहे. मापकाने शून्याच्या जागी ०.१ अँपियर दाखविला, तर दर तासाला दोन टक्क्यांची चूक साचत जाते. शिवाय कोठीच आक्रसते. काही शेकडा वेळा भरून रिकामी झालेली ५ अँपियर-तासांची बॅटरी ४ चीच उरते आणि मीटरला ते कळत नाही. म्हणून मोटारीत आणि आपल्या खिशातील टेलिफोनातही दोन्ही रीतींची सांगड घालतात: धावताना वजाबाकी, आणि विश्रांतीत दाब पाहून त्या वजाबाकीची दुरुस्ती. आपल्या फळीला आरंभी दाबाचा दर्शक पुरे.

दिवे लागले म्हणजे काम झाले असे नाही. त्यांना बोलावयास शिकवावे लागते. त्यासाठी शाळेचे मैदान किंवा गावाबाहेरची रहदारी नसलेली सपाट वाट निवडावी. मालमोटारींची अखंड रीघ असलेला अहमदाबादचा मोठा रस्ता या कामाला मुळीच योग्य नाही. डोक्यावर हेल्मेट घालून, बॅटरी ४१ व्होल्टपर्यंत भरून, एकसारख्या वेगाने फेऱ्या माराव्यात. दर किलोमीटरला थांबून एक मिनिट विश्रांती द्यावी आणि वहीत तीन आकडे लिहावेत: अंतर, विश्रांतीचा दाब, पेटलेले दिवे. पहिला दिवा लुकलुकू लागला की परीक्षा थांबवावी. नंतर आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर अंतर आणि उभ्या रेषेवर दाब मांडला म्हणजे आपल्या बॅटरीची स्वतःची उतरण डोळ्यांसमोर उभी राहते. ती वर दिलेल्या आकड्यांहून थोडीफार निराळी असेल, आणि दिव्यांच्या खुणा त्याप्रमाणे सरकवाव्यात. चालविणाऱ्याचे वजन, चाकांतील हवा किंवा ऋतू बदलला की अंतराचे आकडेही बदलतात. म्हणून ही नोंद एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जानेवारीच्या थंडीत घ्यावी, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर, निरनिराळ्या शाईने काढावेत.